पालेर्मोच्या पाट्या

पालेर्मो, सिसिली

प्रिय सुहास,

दुकानांच्या पाट्यांवर मराठी ठळक अक्षरांत हवीच, म्हणून तू पाठवलेला तो दहा मिनिटांचा तोफखाना ऐकला. मराठी ठसठशीत हवी, यात दुमत नाहीच. पण ‘ज्याची लिपी पाटीवर, त्याचा गावात मान’ हे तुझं ठाम विधान मात्र इथे आल्यापासून मला पचेना झालंय.

इथली जुनी ज्यू वस्ती म्हणजे व्हिया देई काल्देराई आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या. काल्देराई ही इथली तांबट आळी. भांडी ठोकणारे आजही दिसतात. रस्त्यांची नावं तिन्ही लिप्यांत आहेत: इटालियन, हिब्रू, अरबी. पाहून मन भरून येतं, आणि मग इतिहास आठवतो. ज्यूंना स्पेनच्या १४९२ च्या फर्मानानं बेटाबाहेर काढलं. मुसलमानांना तर त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षं, सम्राट फ्रेडरिक दुसऱ्यानं इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी नेऊन टाकलं. वाचणारे गेले, त्यानंतर काही शतकांनी पाट्या आल्या!

वाचणारे होते तेव्हाचा एक दगड झीसा महालातल्या संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर बराच वेळ रेंगाळलो. मधोमध क्रॉस. वर हिब्रू अक्षरं, पण भाषा अरबीच. डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी. सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारातल्या ग्रिझांदुस नावाच्या पाद्र्यानं ११४९ मध्ये आपल्या आईसाठी, आन्नासाठी, हा लेख कोरवला. प्रत्येक मजकुरात कालगणना ज्याची त्याची. लॅटिनमध्ये ११४८ साली वारलेली बाई अरबीत हिजरी ५४३ मध्ये वारते. आपल्या जुन्या कागदांत शके आणि शुहूर सन भेटतात, तसंच. आता मला सांग, पाद्र्याच्या आईची कबर वाचायला ज्यू आणि मुसलमान रांग लावणार होते का? मला तर वाटतं, हा राजाच्या ऐश्वर्याचा डामडौल होता: बघा, आमच्या पदरी चारही लिप्या आहेत. रॉजरनं राजवाड्यात पाण्याचं घड्याळ बसवलं, त्याचा ११४२ चा लेखही लॅटिन, ग्रीक आणि अरबीत आहे.

म्हणूनच या थाटानं दिपूनही भान न सोडणारा मुसलमान प्रवासी इब्न जुबैर मला फार आवडतो. ग्रानाडाचा हा चिटणीस हजहून परतताना डिसेंबर ११८४ मध्ये मेसिनाजवळ जहाज फुटून सिसिलीत अडकला. राजा होता रॉजरचा नातू, विल्यम दुसरा. हा राजा अरबी लिहितो-वाचतो, त्याचं शाही ब्रीद ‘अल्लाची यथायोग्य स्तुती असो’ या अर्थाचं आहे, हे सगळं इब्न जुबैर कौतुकानं टिपतो, आणि लगेच ख्रिस्त्यांना ‘क्रॉस पुजणारे’ म्हणून शिव्याही घालतो. नाताळात इब्न जुबैर पालेर्मोच्या मार्तोराना चर्चमध्ये गेला. सोनेरी भिंती, रंगीत संगमरवर, खिडक्यांच्या सोनेरी काचांतून येणारा डोळे दिपवणारा उजेड. वर्णन करताना त्याची लेखणी थांबत नाही, आणि मग तो देवाकडे आर्जव करतो की या मोहातून वाचव, इथे लवकर अजान होऊ दे. सणाला नटलेल्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखीच वेशभूषा करतात, हेही त्यानं पाहिलं. मी त्याच चर्चमध्ये मान वर करून उभा होतो. घुमटाच्या बुडाशी लाकडी पट्टी आहे, तीवर ख्रिस्ती स्तोत्र अरबीत लिहिलंय. खालून वाचता येत नाही, अगदी अरबी येणाऱ्यालाही अवघड जाईल. तरी आहे.

ख्रिस्ती धर्मावरची ही नाराजी अज्ञानातून आलेली नव्हती. कुराणात ईसा, म्हणजे येशू, मोठा पैगंबर, मरियमच्या नावाचा अख्खा अध्याय; आक्षेप त्याला देवाचा पुत्र म्हणण्यावर, देवाला तिघांत मोजण्यावर, आणि तो क्रॉसवर मेला या समजुतीवर. नवव्या शतकातला विचारवंत अबू ईसा अल-वर्राक यानं मेल्काइट, नेस्टोरियन आणि याकोबी या तिन्ही ख्रिस्ती पंथांची मतं इतकी बारकाईनं मांडली की वाटावं हा त्यांचाच माणूस, आणि मगच एकेक मुद्दा फोडला. सगळेच असे नव्हते. स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या इब्न हझम या मुसलमान पंडिताला मात्र दम धरवत नाही, तो बायबलमधल्या विसंगतींवर तुटूनच पडतो. मला वर्राकची पद्धत जास्त धाक घालणारी वाटते.

इब्न जुबैरनं ऐकलेली एक गोष्ट सांगतो. सिसिलीत भूकंप झाला तेव्हा राजवाड्यातल्या बायका आणि नोकर अल्लाचा धावा करत होते. राजाला पाहताच ते गांगरले. तो म्हणाला, ज्यानं त्यानं आपल्या देवाला हाक मारावी. गोष्ट खरी की दरबारी खुशामत, देव जाणे. पण त्याच राज्यात शुक्रवारचा खुत्बा, म्हणजे नमाजाच्या वेळचं प्रवचन, वाचायला मुसलमानांना बंदी होती, हेही इब्न जुबैरच सांगतो.

आणि आजचं? व्हिया माक्वेदाच्या बाजूला बांगलादेशी वाण्यांची दुकानं आहेत, पाट्या बंगालीत. नगरपालिकेनं संगमरवरात कोरलेल्या नव्हेत, हातानं रंगवलेल्या. खाली इटालियनमध्ये भाव, तेही चुकीच्या स्पेलिंगचे. तुझा आवडता ठळक अक्षरांचा नियम इथे लावलास तर त्या वाण्याचं काय होईल, याचा विचार करून कळव.

शहरस्तानी या मुसलमान पंडिताच्या धर्मपंथांवरच्या ग्रंथाचं भाषांतर तुझ्या कॉलेजात असेल तर काढून ठेव, ख्रिस्ती पंथांवरचा भाग मला वाचायचाय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार