साखर ५४ वर आणि ॲपची शाबासकी!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत मोबाइल आरोग्य-ॲप्सच्या बाजारपेठांची देशोदेशीची तुलना वाचली. मराठीत या विषयावर इतके सविस्तर क्वचितच छापून येते, त्याबद्दल आभार. पण स्वस्त डेटा आणि घरोघरी स्मार्टफोन असल्याने भारत या बाबतीत जर्मनीच्या पुढे आहे, हा लेखकांचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली. त्यामुळे या 'तयारी'चा आमच्या घरात आलेला अनुभव आधी सांगते.

माझ्या यजमानांना टाइप-२ मधुमेह आहे. गेल्या वर्षी एका तपासणी शिबिरात त्यांच्या गळ्यात मधुमेहाच्या एका ॲपचे वर्षाचे पॅकेज मारले गेले. पैसे आगाऊ. सोबत ग्लुकोमीटर, तो ब्लूटूथने मोबाइलला जोडलेला. बोट टोचले की आकडा आपोआप ॲपमध्ये जातो आणि कुणी 'हेल्थ कोच' तो पाहतो, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आषाढी एकादशीला यजमानांचा कडक उपवास, पण सकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली. संध्याकाळी दरदरून घाम, हाताला कंप, बोलण्यात गोंधळ. साखर तपासली तर ५४. सत्तरच्या खाली आकडा गेला की धोका, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असते. आणि त्याच क्षणी मोबाइलवर हिरवी पट्टी, टाळ्या वाजवणारे हात आणि मजकूर : 'शाबास! आज तुमची साखर नियंत्रणात आहे.' खाली बक्षिसाचे गुणही जमा झाले. यजमान मला तो पडदा दाखवून म्हणतात, "अगं, हिरवं दाखवतंय की, तू कशाला घाबरतेस?"

चार चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, आकडा वर चढल्यावर उपवास मोडायला लावून भात खाऊ घातला. घरात परिचारिका होती म्हणून निभावले. ज्या घरात नसेल, तिथे हिरवी पट्टी पाहून माणूस 'जरा पडतो' म्हणून झोपी गेला असता, आणि झोपेत साखर आणखी उतरली असती तर पुढे काय होते ते मी वॉर्डात पाहिलेले आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळाले की १४० ही वरची मर्यादा, तिच्या खाली सगळे हिरवेच दिसते. मग खालची मर्यादा? "मॅडम, तुमची सूचना टीमकडे पाठवतो." ही सूचना नव्हे, ही तक्रार आहे, असे सांगितल्यावर अटींकडे बोट दाखवले गेले. हे ॲप वैद्यकीय सल्ला देत नाही, असे त्यात लिहिलेले आहे आणि आम्ही ते 'मान्य' केलेले आहे. शेवटी भरपाई म्हणून पॅकेज एक महिना वाढवून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. मी नकार दिला. हेल्थ कोचचा फोन आजपर्यंत आलेला नाही.

आता आपल्या लेखाकडे वळते. त्यातल्या तक्त्यात फोन किती, इंटरनेट किती जणांकडे, डाउनलोड किती, हे सगळे मोजले आहे. ॲप चुकले तर जबाबदार कोण, हा रकाना मात्र नाही. खरी तुलना तिथेच व्हायला हवी होती.

ज्या जर्मनीला लेखकांनी मागास ठरवले, तिची गोष्ट पाहा. २०१८ मध्ये जर्मनीतल्याच बर्टल्समान फाउंडेशन या अभ्यास करणाऱ्या संस्थेने १७ देशांच्या डिजिटल आरोग्याची क्रमवारी लावली. एस्टोनिया पहिला, कॅनडा दुसरा, डेन्मार्क तिसरा. जर्मनी सोळावा, त्याच्या मागे फक्त पोलंड. दवाखाने तेव्हाही फॅक्सवर चालत होते. पण २०१९ च्या अखेरीस त्याच देशाने कायदा केला की डॉक्टरने गोळीसारखे ॲप लिहून द्यावे आणि त्याचे पैसे आरोग्य विम्याने भरावेत. ऑक्टोबर २०२० मध्ये पहिली दोन ॲप्स यादीत आली, एक कानात सतत आवाज येणाऱ्या रुग्णांसाठी आणि दुसरे चिंताविकारासाठी. पुढे मधुमेहाचीही आली. सार्वजनिक विम्यातल्या सुमारे सव्वासात कोटी लोकांना ती मिळू शकतात. यादीत शिरण्याआधी बॉनमधली औषध नियामक संस्था सुरक्षितता आणि माहितीची गोपनीयता तपासते. रुग्णाला खरोखर फायदा होतो याचा पुरावा हाती नसेल, तर तो गोळा करायला साधारण वर्षाची मुदत मिळते. न जमल्यास यादीतून नाव कमी होते, आणि काहींचे झालेही आहे. तिथेही सगळे आलबेल नाही. पहिल्या वर्षाची किंमत कंपनीच ठरवते म्हणून विमा संस्थांची सतत ओरड असते. पण ओरडणारा तिथे निदान कुणीतरी आहे आणि त्याच्या हातात पैशाची किल्ली आहे.

आपल्याकडे पैसे रुग्णच भरतो. २०२१-२२ च्या सरकारी आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के थेट लोकांच्या खिशातून गेला. आयुष्मान भारत काय किंवा आपली महात्मा फुले योजना काय, दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर. रोजच्या मधुमेहाची गोळी, साखर तपासायच्या पट्ट्या, तपासण्या आणि आता ॲप, हे सगळे ज्याचे त्याने पाहायचे. ज्याच्या खिशातून पैसे यायचे त्याला खूश ठेवणे हेच मग ॲपचे काम होते. माझ्या यजमानांना मिळालेल्या टाळ्या त्यातूनच आलेल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षीचे पॅकेज माणूस पुन्हा घ्यायला हवा ना! विमा कंपनी पैसे भरत असती, तर तिने पहिल्याच दिवशी विचारले असते की सत्तरच्या खाली काय दाखवता.

कायदा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२० च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून रोगाचे निदान, देखरेख किंवा उपचार यांसाठीचे सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरण म्हणून औषध कायद्याच्या कक्षेत आले आहे. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारी यंत्रणाही २०१५ पासून आहे, तिचे केंद्र गाझियाबादला आहे. पण कंपनीने 'आम्ही फक्त जीवनशैलीचे मार्गदर्शन करतो' असे लिहिले की ती या सगळ्यातून निसटू पाहते. रक्तातली साखर मोजून त्यावर शेरा मारणे ही देखरेख नाही, तर काय आहे? अन्न व औषध प्रशासनाने याचे उत्तर द्यावे. आणि तक्रार कुठे करायची तो पत्ता ॲपच्या पहिल्या पडद्यावर मराठीत असलाच पाहिजे.

फोन हातात आला म्हणजे तयारी झाली, हा समज आपल्या राज्यात तरी कुणी बाळगू नये. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल हजारोंच्या संख्येने परत केले ते विसरलात का? फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांनाच, आणि बालकांच्या पोषणाची नोंद ठेवायचे 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत. ज्या बाई रोज बाळांची वजने घेतात त्यांना न विचारता ते ॲप आले होते. शिवाय घरात एकच फोन असला तर तो कुणाच्या खिशात असतो हेही मोजा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५४ टक्केच महिलांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. आमच्या गल्लीतल्या एका आजींचा 'आभा' हा सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक काढताना ओटीपी पुण्याला मुलाच्या फोनवर जात होता आणि मुलगा कामावर मीटिंगमध्ये होता. आजी तोवर रुग्णालयाच्या बाकावर.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याच पुरवणीत, त्या लेखाच्या मागच्याच पानावर, मधुमेह 'मुळापासून' घालवण्याची हमी देणारी एका चूर्णाची अर्धे पान जाहिरात होती. औषधे व जादूचे उपाय कायदा १९५४ सालचा आहे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना त्याने बंदी घातली आहे आणि अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही तो लागू होतो. आपल्या वृत्तपत्रावर विश्वास ठेवणारे वाचक असली जाहिरात वाचून गोळ्या बंद करतात. असे रुग्ण पायाची जखम चिघळल्यावर आमच्याकडे यायचे, त्यांचे ड्रेसिंग मी केलेले आहे. जाहिरात विभाग वेगळा असतो, हे उत्तर कृपया देऊ नका. ही जाहिरात येत्या रविवारी पुन्हा छापणार नाही, एवढे आपण याच पानावर जाहीर करावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, वाई (जि. सातारा)