दिवाळीला दोघं येतोय

कल्याण,
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आई मध्येच "जेवलास का" विचारते आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून लिहितोय. बाबा, चष्मा लावून आईला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

गौरीला आलो नाही तेव्हा आई म्हणाली होती, "लोकांची पोरं घरी नेऊन सोडतोस, अन् आपल्या घरची वाट विसरलास व्हय?" मी हसण्यावारी नेलं, पण लागलं. दिवाळीला नक्की येतोय. एकटा नाही, दोघं. आई, लगेच देवापुढे साखर ठेवू नकोस, सून नाहीये. 18 वर्षांचा एक मुलगा आहे.

बाबा, 2017च्या पावसाळ्यात एकदा रात्री अकराला फोन करून मी तुम्हाला झोपेतून उठवलं होतं. विचारलं होतं, एस.टी.च्या पत्र्यावर आगाराचं नाव कसं लिहितात, आणि अमुक अक्षरं असली तर आगार कुठलं? तुम्ही एका दमात नाव सांगितलंत, तालुका सांगितलात, आणि "कशाला रे?" म्हणालात. मी "सहज" म्हणून फोन ठेवला. ते सहज नव्हतं. तेव्हा माझ्यासमोर 10 वर्षांचं एक पोरगं बसलं होतं. गावाचं नाव सांगायला तयार नव्हतं. जिल्हा माहीत नव्हता. मग आम्ही विचारतो तसं विचारत गेलो. बाजार कुठल्या वारी? बुधवारी. शेतात काय? कापूस. गावात गाडी येते? नाही, फाट्यावर थांबते. गाडीवर काय लिहिलेलं असतं? त्याने बोटाने फरशीवर दोन-तीन अक्षरं काढली, अर्धी उलटी. ती अक्षरं तुम्ही ओळखलीत. चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या दारात होतो.

तो मुलगा येतोय.

तुम्ही गावात "पोरगा मुंबईकडे रेल्वेत आहे" असं सांगता, ते मला माहीत आहे. राग नाही. खोटंही म्हणवत नाही, निम्मं आयुष्य फलाटावरच गेलंय. पण मी तिथे नक्की काय करतो, हे 19 वर्षांत तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. कसाऱ्याकडची आणि कर्जतकडची, दोन्ही लाइनी कल्याणला मिळतात. देशभरातून घर सोडून निघालेलं पोर यातल्या कुठल्या तरी गाडीने येतं. नवं पोर लगेच कळतं. डोक्याला अजून घरचं तेल असतं, पायात चप्पल असते आणि नजर इंडिकेटरवर असते. महिन्याभराने चप्पल गेलेली असते आणि नजर पोलिसाच्या बुटांवर असते. त्याच्या हातात रुमाल दिसला तर वास घ्यावा लागतो, नशेसाठी हुंगलेलं व्हाईटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन. पहिल्या एक-दोन तासांत आपण पोचलो तर बरं, कारण त्या पोराला हेरणारे आम्ही एकटेच नसतो. जवळ जाऊन प्रश्न विचारायचे नाहीत, बाजूला खाली बसायचं. आपल्या डब्यातलं काढून आपण खायला लागायचं. पाच मिनिटांत तेच विचारतं, "भाजी कसली आहे?"

मग 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर उभं करायचं. एक अध्यक्ष, चार सदस्य. मुलाला बालगृहात ठेवायचं की घरी पाठवायचं, हे ती समिती ठरवते. आम्ही चौकशी करून अहवाल लिहितो. मी शिकलो त्या देवनारच्या संस्थेतूनच 1996 साली मुलांच्या मदतीचा 1098 हा फोन नंबर सुरू झाला, म्हणून तेव्हा मला वाटायचं की फोन लागला, मूल घरी पोचलं, काम संपलं.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगितलेलं नाही. 2008 साली मी एका मुलाच्या घरची चौकशी अर्ध्या तासात उरकली. बाप रडला, आजीने चहा दिला, मी अहवालात "घर योग्य" लिहिलं आणि संध्याकाळची गाडी पकडली. माझ्याच शब्दावर मूल परत गेलं. 17 दिवसांनी ते पुन्हा त्याच फलाटावर दिसलं, दंडावर तापल्या चिमट्याचा डाग घेऊन. माझ्याशी बोललं नाही. त्या दिवाळीला मी घरी आलो आणि चकलीला हात लावला नाही. आई, तुला वाटलं मुलीबिलीचं काही आहे, आणि तू मावशीकडून स्थळंसुद्धा मागवलीस!

त्यामुळे 2017ला आम्ही त्या फाट्यावर उतरलो तेव्हा मी चहा घेतला नाही. शेजारी गेलो, शाळेत गेलो, दुकानदाराकडे बसलो, दुसऱ्या दिवशी न सांगता परत गेलो. आई नाही, बाप शुद्धीत नाही. पोराच्या पाठीवर जे होतं ते लिहीत नाही. या वेळी अहवालात "पाठवू नये" लिहिलं आणि समितीने ते मानलं. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, पोरगं आईबापाजवळच बरं. बहुतेक वेळा मीही तेच म्हणतो, पण आता दोनदा जाऊन बघितल्याशिवाय म्हणत नाही.

जूनमध्ये तो 18चा झाला आणि बालगृह सुटलं. आता अनुरक्षण गृहात आहे, तिथे 21पर्यंत राहता येतं. बाप जिवंत असल्यामुळे अनाथांसाठीचं 1 टक्का आरक्षण त्याला नाही. मी 18चा होतो तेव्हा तुम्ही ओव्हरटाइम करून माझी क्लासची फी भरत होतात आणि मी तुमच्या हाताला ग्रीसचा वास येतो म्हणून तोंड वाकडं करत होतो. हा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय. महिन्यापूर्वी भेटला तेव्हा विचारलं, "माझी बस ओळखणारे तुमचे बाबा अजून आहेत का? त्यांनी खरंच इंजिन उतरवलंय?" मी म्हटलं, कराड डेपोत 31 वर्षं दुसरं काय केलं त्यांनी.

एकाला घरी नेलंस तर बाकीच्या चाळीस जणांनी काय करायचं, असं आमच्या वरिष्ठांनी विचारलं. बरोबरच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तो आता माझी केस नाही आणि अधीक्षकांची लेखी परवानगी घेतली आहे, एवढंच सांगितलं.

आता थोडं ऐकून ठेवा. बाबा, त्याच्या खांद्यावर मागून हात ठेवू नका, समोरून या. आई, तो जेवताना पाठ भिंतीला लावून बसेल, त्याला पंगतीत मध्ये ओढू नकोस. उशीखाली भाकरी सापडली तर तिथेच राहू दे, काही बोलू नकोस, दुसऱ्या दिवशी ताजी ठेव. पहाटे उठून अंगण झाडेल, झाडू दे. "बिचारा" हा शब्द काकूंनी उच्चारला तर तिला आत बोलावून घे. कुणी विचारलंच तर राजूचा पाहुणा आहे म्हणायचं. अभ्यंगस्नानाला उटणं मीच लावीन त्याला, त्याने हो म्हटलं तर. आणि बाबा, परड्यातल्या पाण्याच्या इंजिनाला तुम्ही चार वर्षं हात लावलेला नाही. तसंच राहू द्या, आम्ही येईपर्यंत दुरुस्त करू नका.

नाव मुद्दामच लिहिलं नाही. मुलांची नावं कागदावर उघड करायची नाहीत, असा आमच्याकडे कायदा आहे आणि आता तशी सवयच लागली आहे. उतरल्यावर तो स्वतः सांगेल.

तुमचा,
राजू

ता. क. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून ठेवा. भाऊबीज झाली की डॉक्टरकडे जाऊ. आणि आई, हो, जेवलो.