दीड मिनिटाचे ऋण

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या फ्रीझरमधून निघालेला वाटाण्यांचा दगडासारखा गोळा आपण हातात घेऊन पाहिलात आणि न हसता एवढेच विचारलेत, की हे वाटाणे आधी उकळत्या पाण्यातून काढले होते का? तो प्रश्न मला तेव्हा कळलाही नव्हता. पाच किलो वाटाणे धुऊन, ओलेच पिशव्यांत भरून मी एकाच दुपारी आत कोंबले होते. काही आठवड्यांतच त्यांचा रंग उतरला, आणि शिजवल्यावर त्यांना वाळक्या गवतासारखा वास येऊ लागला. फ्रीझर बिघडला आहे, अशी माझी खात्री होती. तो उत्तम चालला आहे, हे आपण पुढच्या तासाभरात मला दाखवून दिलेत. त्या तासाचे आभार जिन्यात उभ्या-उभ्या मानून भागणार नाही आणि आपण सांगितलेले इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आपण बोलायला सुरुवात केलीत ती भाजीच्या टोपलीपासून. खुडलेली भाजी जिवंतच असते, श्वास घेत असते, साठवलेली साखर खर्च करत असते आणि पाणी गमावत असते; थंडी हा वेग फक्त कमी करते, असे आपण म्हणालात. त्यानंतर मी गाजरे आणल्या-आणल्या त्यांचा पाला कापू लागले, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो. पालेभाजी न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवू लागले, कारण पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती आधी सडते. पिकलेली सफरचंदे आणि केळी इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारची पाने पिवळी पडतात आणि गाजरांना कडवटपणा येतो, हे समजल्यावर फळांचा कप्पा वेगळा झाला. सर्वांत मोठा धक्का बटाट्याचा होता. मी तो निष्ठेने फ्रीजमध्ये ठेवत असे. तिथल्या चार अंशांना त्याच्या पिठाची साखर होऊ लागते आणि तळल्यावर तो काळपट पडतो. त्याला अंधारी, हवेशीर, पण इतकी थंड नसलेली जागा हवी. काकडी आणि वांगी यांनाही दहा अंशांखालची थंडी फार दिवस सोसत नाही, म्हणूनच माझ्या काकड्यांवर पाणचट खड्डे पडत होते.

मग आपण वाटाण्यांकडे वळलात. गोठवल्यानंतरही भाजीतली विकरे, म्हणजे तिच्यात बदल घडवणारी एन्झाइम्स, पूर्ण थांबत नाहीत, उणे १८ अंशांनाही त्यांचे काम मंद गतीने चालू राहते आणि रंग, चव, वास हळूहळू बिघडत जातो. म्हणून गोठवण्याआधी त्यांना उष्णतेने निकामी करावे लागते. या एका वाक्याने माझा वाळक्या गवताचा वास उलगडला. अर्धा किलो भाजीला सुमारे चार लिटर खळखळते पाणी घ्यायचे आणि भाजी टाकल्यावर एका मिनिटाच्या आत पुन्हा उकळी फुटली नाही, तर भाजी जास्त झाली असे समजायचे. पाणी पुन्हा उकळू लागले, की वेळ मोजायला लागायचे: वाटाण्यांना दीड मिनिट, गाजराच्या चकत्यांना दोन, पालकाला दोन, फ्लॉवरच्या तुऱ्यांना आणि फरसबीला तीन. तेवढाच वेळ पुढे बर्फाच्या पाण्यात, म्हणजे आतली उष्णता भाजीला शिजवत राहत नाही. पहिल्या खेपेस मी घाईने फरसबी मिनिटभरातच बाहेर काढली, तेव्हा आपण मला थांबवलेत. अपुऱ्या उष्णतेने विकरे मरण्याऐवजी अधिकच चेकाळतात आणि त्यापेक्षा कच्चीच गोठवलेली बरी, हे मला अन्यथा कोणी सांगितले असते, असे वाटत नाही. वाफेवर केल्यास क जीवनसत्त्व कमी वाहून जाते आणि वेळ साधारण दीडपट लागतो, हा आपला आग्रह मात्र मी अजून पाळलेला नाही, कारण माझ्या पातेल्यात वाफ सगळीकडे सारखी पोहोचत नाही. याबद्दल आपण रागावणार, हे ठाऊक आहे.

गोळा होण्याचे कारण त्याहून सोपे निघाले: ओले वाटाणे एकदम कोंबल्याने ते एकमेकांना चिकटून सावकाश गोठले होते. भाजी सावकाश गोठली, की पेशींत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात आणि वितळल्यावर भाजी लिबलिबीत होते. झटपट गोठली, तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी संशोधकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅनडाजवळच्या लॅब्राडॉर या प्रदेशाच्या कडाक्यात क्षणात गोठलेले मासे पाहिले आणि त्यावरून पुढे झटपट गोठवण्याची यंत्रे घडवली, ही गोष्ट आपण मध्येच सांगितलीत. माझ्याकडे ना लॅब्राडॉर, ना यंत्र. पण कोरडी केलेली भाजी ताटात एका थरात पसरून आधी गोठवणे आणि मगच पिशवीत भरणे मला जमते. घरगुती फ्रीझरने एका दिवसात सुमारे २८ लिटर जागेमागे एक-दीड किलोच ताजी भाजी गोठवावी, हा आपला हिशेब ऐकला आणि माझ्या पाच किलोंचे काय झाले, ते लक्षात आले. पिशवीतली हवा दाबून काढायची हेही तेव्हाच शिकले, कारण आत राहिलेल्या हवेमुळेच बर्फाची थेट वाफ होऊन भाजीवर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात.

आपण एक सवय मोडलीत, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मलूल झालेली, आज-उद्या टाकावी लागणारी भाजी मी फ्रीझरमध्ये ढकलत असे आणि वाचवली, असे समजत असे. गोठवल्याने जंतू मरतातच असे नाही, ते बहुतेक फक्त थांबतात, आणि आत जाते त्याहून चांगली भाजी बाहेर येत नाही. त्यामुळे आता उलटा क्रम आहे: आणलेल्यातली उत्तम भाजी त्याच दिवशी गोठवण्याच्या ताटात जाते आणि मलूल झालेली आधी खाल्ली जाते. काकडी, मुळा आणि कोशिंबिरीची पाने यांना फ्रीझरचे दार बंद. ढोबळी मिरची आणि कांदा चिरून, न उकळताच आत जातात.

यंदाचे वाटाणे तीन दिवसांत थोडे-थोडे करून गोठवले आहेत. पिशवी हलवली, की ते मण्यांसारखे खळखळतात आणि हवी तेवढी मूठ काढता येते. एक पिशवी आपल्यासाठी बाजूला ठेवली आहे. तिच्यावर तारीख घातली आहे, आणि ती न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकावी, हे आपल्यालाच सांगण्याचे धाडस करते.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची शेजारीण