दिवाळीला येत नाहीये, आणि अजून एक सांगायचंय

प्रिय आई आणि बाबा,

हे फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई लगेच "जेवलीस का" वर येते आणि बाबा "बिल वाढतंय, ठेव" म्हणतात (बाबा, व्हॉट्सॲप कॉलचं बिल येत नाही, कितीदा सांगू), म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, बाबांनी डोळे ताणून वाचायचं नाही, आईने वाचून दाखवायचं.

आधी वाईट ते सांगून टाकते. दिवाळीला येत नाहीये, तिकीट रद्द केलं. म्हणजे बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नाही. हे लिहिताना तीनदा उठून पाणी प्यायले. दादा दोन दिवस रजा घेणार आहे, वहिनी डबा सांभाळेल, सगळं बोलून झालंय आमचं, पण तरी मी नाही हे मला कळतंय, उगाच "काही नाही गं, चालतंय" असं म्हणू नका.

दुसरं. ऑगस्टपासून मी ऑफिसात आठवड्याचे तीनच दिवस काम करतेय आणि उरलेले दिवस नॉर्थॅम्प्टनमधल्या एका छोट्या नाटकवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये शिवते. हो बाबा, शिवते. पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा.

मला आठवतंय सगळं. दहावीच्या सुट्टीत मी मशीनवर बसायला लागले तर तुम्ही मशीनचा पट्टाच काढून कपाटात ठेवला होता. आईने रात्र रात्र काज-बटणं केली ती माझ्या हातात सुई येऊ नये म्हणून, हे काय मला माहिती नाही का. तुमचे कष्ट मी पाण्यात घातलेले नाहीत. ग्रीन कार्ड आहे म्हणून व्हिसाची भानगड नाही, इन्शुरन्स चालू आहे, पगार कमी झालाय पण भाडंही कमी झालंय कारण बोस्टन सोडून इकडे आलेय, आणि घराचा हप्ता आधीसारखाच दर महिन्याला पाच तारखेला येईल, त्यात एक रुपया कमी होणार नाही. नोकरी गेली म्हणून शिवत नाहीये, नोकरी आहे आणि शिवतेय. शेजारी विचारलं तर सांगा डिझाइनचं काहीतरी करते. नाहीतर खरं सांगा, मला लाज नाही.

आता कशासाठी ते. इथून जवळच ॲमहर्स्ट म्हणून गाव आहे, तिथे एमिली डिकिन्सन नावाची कवयित्री होती, 1830 चा जन्म, 1886 ला गेली. जवळजवळ 1800 कविता लिहिल्या आणि जिवंतपणी छापून आल्या जेमतेम दहा. आई, तुला ती आवडली असती, पाकिटं फाडून त्यांच्या पाठीवर लिहायची, तू लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर दुधाचा हिशोब लिहितेस तशी. तिच्यावर नाटक बसतंय, तिच्या वाढदिवसाला म्हणजे 10 डिसेंबरला पहिला प्रयोग. त्यात ती सोळा वर्षांची असतानाचा ड्रेस मी करतेय, एकटी, पहिल्यांदाच.

तिचा म्हातारपणाकडचा पांढरा ड्रेस अजून शिल्लक आहे, साधा सुती, खिसा असलेला, त्याची नक्कल तिच्या घरच्या म्युझियममध्ये उभी करून ठेवलीय. तो करायचा असता तर जाऊन बघितला असता. पण सोळाव्या वर्षीचा ड्रेस नाही, आहे तो फक्त एक फोटो, 1846-47 च्या हिवाळ्यातला, तळहातात मावेल एवढा, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर काढलेला. गडद ड्रेस, गळ्याला रिबन, हातात फुलं, शेजारी टेबलावर पुस्तक. बसलीय, त्यामुळे घागऱ्याचा खालचा भाग दिसत नाही, आणि पाठ तर नाहीच नाही. बाबा, तुम्ही हेडमास्तरांच्या वडिलांचा कोट फोटोवरून शिवला होतात ना, "समोरून सगळे बघतात, पाठ शिंप्यानं ओळखायची" असं म्हणत? रोज आठवतं. पाठ मी त्या काळचे दुसरे जपून ठेवलेले ड्रेस बघून ठरवली, हुका पाठीमागे, पुढचा भाग सपाट, कमरेला खाली टोक.

रंगाचं ऐका, हे तुम्हाला आवडेल. त्या वेळच्या फोटोत निळा रंग फिका यायचा आणि तांबडा, तपकिरी काळाकुट्ट. म्हणजे फोटोत काळं दिसतं ते काळं असेलच असं नाही. मी गडद तपकिरी घेतलं, चहा जास्त उकळल्यावर होतो तसा.

आणि माझा गाढवपणा. फोटोत टेबलाकडचा खांदा मला किंचित वर वाटला. मी म्हटलं अंगाचीच ठेवण असेल, आणि एक खांदा वर धरून पॅटर्न काढला, मांजरपाटाची ट्रायल शिवून नटीच्या अंगावर चढवली तर एका बाजूला सगळी झोळी. मग कळलं की हात टेकला म्हणून खांदा वर, शरीर सरळच आहे. वर हेही कळलं की हे फोटो आरशासारखे उलटे येतात, म्हणजे मी चुकीचा खांदा चुकीच्या बाजूला उचलला होता! तुम्ही असता तर दारातूनच सांगितलं असतं, "हात टेकलाय तिचा, दिसत नाही का."

सगळं हातशिलाईने करतेय. शिलाई मशीनचं पेटंट इथेच मॅसॅच्युसेट्समधल्या एका माणसाला 1846 मध्ये मिळालं, म्हणजे घरोघरी मशीन यायला अजून वेळ होता. घेर साडेतीन मीटर आणि नटीची कंबर 26 इंच, तेवढ्यात ते सगळं बसवायचं. अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, टाके अगदी एकाखाली एक, मग दोरे ओढले की कापड पेटीच्या भात्यासारखं घडी घडी उभं राहतं आणि प्रत्येक घडी पट्टीला वेगळी शिवायची. पहिल्या दिवशी चार तासात वीतभर झालं. बोटाला टोचत होतं तेव्हा आईचं अंगुस्तान आठवलं, ते पितळी, खड्डे पडलेलं. लहानपणी मी ते डोक्यावर ठेवून बाहुलीची टोपी म्हणायचे आणि तू काम थांबवून हसायचीस, आठवतं का गं? तुमच्या कटिंगच्या टेबलाखाली मी चिंध्यांवर झोपायचे, वरून कात्रीचा आवाज यायचा, मला अजून त्या आवाजाने झोप येते. इथे दुपारी कोणी कापड कापायला लागलं की माझे डोळे मिटतात, सगळे हसतात.

जेवणाची काळजी नको. भात-वरण रोज होतं, आईचा मसाला जानेवारीपर्यंत पुरेल, वीस मिनिटांवर इंडियन दुकान आहे तिथे मेथीसुद्धा मिळते. थंडी आहे पण हीटर चांगला आहे, मोजे घालून झोपते.

आता तुमचं. बाबा, ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतील तितके दिवस मशीनवर बसायचं नाही, "एवढी एकच पँट" असंही नाही. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, थेंब वेळेवर घालायचे, मी दादाच्या मोबाईलला अलार्म लावून दिलेत. शुगर आधी तपासायची आणि खरा आकडा सांगायचा. आई, तू गुडघ्याचा पट्टा देवघरात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. फराळ यंदा विकत आणा, चकलीसाठी चार तास उभी राहू नकोस. बरं, राहशीलच, मग स्टूल तरी घे.

मी 20 जानेवारीला येतेय, महिनाभर, तिकीट काढलंय, नंबर दादाकडे आहे. तेव्हा बाबांना नवीन डोळ्याने ड्रेसचे फोटो दाखवीन, टाके मोजा आणि हव्या तेवढ्या चुका काढा.

एक मात्र आत्ताच हवंय. त्या काळी खांदा दंडावर उतरलेला असायचा त्यामुळे बाही जोडतो तो मुंढा खाली येतो आणि नटीला हात वर नेता येत नाही, पहिल्याच प्रवेशात तिला फडताळावरून पुस्तक काढायचंय. बगलेत जादा कापडाची कळी घालू का? का मुंढाच अर्धा इंच वर घेऊ? वर घेतला तर फोटोतला खांदा बिघडतो. बाबा, राग आला असेल तर आईकडून निरोप द्या, पण रविवारच्या आत सांगा, सोमवारी अस्तर जोडायचंय.

तुमची,
छकुली