लेकीचा कागद सहीला आलाय

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

लेकीची निवड झाली! एस्वातिनीला, म्हणजे आपल्या भूगोलातल्या स्वाझीलँडला. शाळेचं नाव वॉटरफोर्ड कम्हलाबा, म्बाबाने शहराच्या वर डोंगरावर. दोन वर्षं तिथेच राहायचं. फोन केला असता, पण तू मध्येच बोलतोस.

आईचे गुडघे तसेच आहेत, माझं बीपी गोळीवर ठीक.

पेढे वाटून झाले. रात्री पालकांच्या सहीचा कागद पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि तुझं ते वाक्य आठवलं : "होस्टेलला गेलेलं पोर घरी येतं ते पाहुणं म्हणून." त्यावरून आपला अबोला झाला होता. शेवटी मेसच्या अण्णांनी दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. त्यातली शेवटची भाकरी तू खाल्लीस, ती अजून येणं आहे.

सही राहिली, मी त्या शाळेबद्दल वाचत बसलो. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने दक्षिण आफ्रिकेत काळ्या मुलांना मुद्दाम हलकं शिक्षण द्यायचं ठरवलं. जोहान्सबर्गमध्ये शिकवणारे मायकेल स्टर्न नावाचे इंग्रज मास्तर होते, त्यांना ते सोसेना. सगळ्या वर्णांची मुलं एका वर्गात बसवायची तर सरहद्द ओलांडणं भाग होतं. ते शेजारच्या स्वाझीलँडला आले, आणि १९६३ मध्ये सोळा मुलांवर शाळा सुरू झाली. सोळा! आपल्या खोल्यांच्या एका रांगेत याहून जास्त पोरं होती. १९६७ मध्ये राजे सोभुझा दुसरे यांनी 'कम्हलाबा' हे नाव दिलं. १९८१ मध्ये शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या, म्हणजे देशोदेशींची मुलं एकत्र शिकवणाऱ्या शाळांच्या, परिवारात आली. आपल्या मुळशीच्या डोंगरावरचं महिंद्रा कॉलेज त्याच परिवारातलं.

मंडेला रॉबेन बेटावर कैदेत असताना त्यांच्या मुली, झेनानी आणि झिंझी, इथे शिकल्या. इथे मी अडकलोय, बाळ्या. पोरींच्या आईच्या, विनीबाईंच्या, मागे पोलिसांचा ससेमिरा होता, त्यांनी पोरी लांब ठेवल्या त्याला कारण होतं. माझ्या दारात कोण उभं आहे? घरापासून रिक्षाच्या अंतरावर चांगली ज्युनियर कॉलेजं आहेत. मग सोळा वर्षांची पोर मी समुद्रापार का धाडतोय? हिला विचारलं तर ती म्हणते, "तिला विचारा." तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, जिथे सगळेच बाहेरचे असतात तिथे मला राहून बघायचंय." यावर काय बोलणार? अभिमानाने ऊर भरून आला आणि पोटात गोळाही आला. आजीने तर मेतकुटाची डाळ भाजायलाही घेतली.

शिष्यवृत्ती बरीच आहे, तेव्हा पैशांची काळजी करू नकोस आणि देऊही करू नकोस.

वहिनींच्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला. चिरंजीवांची बारावी कशी चाललीय? त्याला क्रिकेट खेळू दे.

कागद शुक्रवारी पाठवायचाय. त्याआधी रविवारी ये. तिच्याशी तू एकट्याने बोल, मी आत बसेन. होस्टेलचं सगळं सांग, पहिल्या दिवाळीनंतर परत जाताना एसटीत आपलं काय झालं होतं तेही. ते ऐकूनही ती जायचं म्हणाली तर मी सही करतो.

जेवायलाच ये. भाकरी करायला सांगतो.

तुझा,
अप्पा