तुलांबेनच्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार

बालीहून परतून आठवडा झाला, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

बालीतल्या तुलांबेन गावाच्या किनाऱ्यालगत ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज पाण्याखाली पडलंय. लांबी सुमारे 120 मीटर. जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोचा तडाखा बसल्यावर ते इथल्या किनाऱ्याला आणून लावलं होतं. 1963 साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते समुद्रात सरकलं.

पहिले आभार किनाऱ्यावरच्या ताईंचे. डोक्यावर चुंबळ, त्यावर आम्हा डाइव्ह करणाऱ्यांना पाण्याखाली श्वास घ्यायला लागणारी हवेची जड टाकी, आणि पायांखाली गोल, काळे, निसरडे गोटे. मला रिकाम्या हातांनीही तोल सावरत नव्हता. त्यांनी टाकी अलगद ठेवली, हसून मान डोलावली आणि पुढची आणायला गेल्याही.

आणि गाईडदादा, तुमचे किती मानू? खाली माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं, श्वास भराभर चालू झाला. तुम्ही माझा हात घट्ट धरलात, डोळ्यांत बघत तळहात सावकाश वर-खाली करत राहिलात. मी शांत झाल्यावरच पुढे निघालात. नाहीतर पोवळ्यांनी मढलेला तो पत्रा आणि काळ्या वाळूतून डोलणारे, जवळ जाताच बिळात गुडूप होणारे ईल मासे मी पाहिलेच नसते!

डाइव्ह शॉपमध्ये न मागता हातात गरम चहा देणाऱ्या मुलांनो, तुमची नावं विचारायची राहिली, याची फार रुखरुख आहे.

तुमच्याच बाली भाषेत सांगते: सुक्स्मा, म्हणजे आभार.