डॉक्टर, तुम्ही आधी दिवा मालवलात

डॉक्टर,

ठोंब्याने, आमच्या कासवाने, दोन्ही डोळे उघडले. फोनवर सांगितलंच तुम्हाला, पण तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरात कासव, सरडा, इग्वाना असलेल्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी बरीच दारं झिजवून झाली होती. एका ठिकाणी हसून सांगितलं, “कासव आहे हो ते, माणसापेक्षा जास्त जगतं, काय होतंय त्याला!” दुसऱ्या ठिकाणी सुजलेल्या पापण्या लांबूनच बघितल्या आणि अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टोचून मोकळे. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कासवाचे डोळे सुजतात, हे खरंच आहे. पण हा खातो काय, राहतो कुठे, घरात उन्हाऐवजी लावलेला दिवा कसला, एवढं तरी विचारावं की नाही? रोज हिरवा पाला चरणाऱ्या कासवात या जीवनसत्त्वाची कमतरता सहसा होत नाही आणि इंजेक्शनाचा डोस जास्त झाला तर त्याची कातडी सोलवटून निघते, हे तुमच्याकडून कळलं. पुढचा डोस तुम्ही थांबवलात, त्याबद्दल वेगळे आभार. ज्या दुकानातून दिवा आणला तिथे विचारलं, तर उत्तर आलं की आजवर कुणाची तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या खोलीत आलो, मी खोका टेबलावर ठेवला आणि नेहमीची कहाणी सुरू केली. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, उठलात, टेबलावरचा प्रखर दिवा बंद केलात, पडदा ओढलात आणि मग खोक्याचं झाकण उघडलंत. “डोळे दुखत असतील त्याचे,” एवढंच म्हणालात.

बाकीच्यांनी बॅटरीचा झोत थेट डोळ्यांवर मारला होता. तो मान आत ओढून घ्यायचा, पुढच्या पायाने डोळे पुसायचा, आणि “सहकार्य करत नाही” असा शेरा मिळायचा. तुमच्या अंधाऱ्या खोलीत त्याने हळूहळू मान बाहेर काढली. किती दिवसांनी मी त्याची पूर्ण मान बघत होते. निदान अजून व्हायचं होतं, औषध तर लांबच राहिलं, पण मला तिथेच रडू आलं. तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलंत, तेही लक्षात आहे.

मग तुम्ही विचारलंत, “दिवा आणलाय?” आम्ही तो सोबत आणावा असं याआधी कुणालाच सुचलं नव्हतं. तुम्ही तो लावलात आणि ठोंब्याची पाठ जेवढ्या उंचीवर येते तिथे अतिनील किरण मोजायचं मीटर धरलंत. अतिनील निर्देशांक ११ च्या वर! माणसांच्या तक्त्यात यालाच ‘अतितीव्र’ म्हणतात. ठोंब्याच्या जातीच्या कासवाला ऊन खायच्या जागी ३-४ पुरे होतो, आणि तोही पलीकडे सावली असेल तर. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातले साप-सरडे स्वतःहून किती ऊन घेतात ते मोजलं आणि त्यावरून २०१० साली अतिनील निर्देशांकाचे चार पट्टे मांडले, हेही तुम्ही तिथेच उभ्या उभ्या समजावलंत. दुकानात मात्र ‘खोक्यावरचा आकडा मोठा तितका दिवा चांगला’ एवढंच ज्ञान मिळालं होतं. तो आकडा म्हणे प्रकाशात यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, किती टक्के आहे ते सांगतो. पाठीवर प्रत्यक्ष किती पडतं ते अंतरावर, जाळीवर, परावर्तकावर ठरतं.

बरं, यूव्हीबी नकोच म्हणावं, तर तसंही नाही. त्याशिवाय कातडीत ड३ तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी कुचकामी, कारण काच नेमके तेच किरण अडवते. आमचा दिवा बाजूने डोळ्यांत मारत होता. सूर्य वरून येतो आणि कासवाची भुवई वरूनच सावली धरते, हे तुम्ही स्वतःच्या कपाळावर हात आडवा धरून दाखवलंत.

मीटर घरी न्यायला दिलंत, पावतीसुद्धा घेतली नाहीत. नव्या दिव्याच्या नळीखाली आता पाठीच्या उंचीवर साडेतीन येतो. नळी दिसायला तशीच उजळ राहिली तरी तिचं यूव्हीबी उतरत जातं, म्हणून अधूनमधून मोजत राहा म्हणालात, ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

तुमची पदवी, तुमचं मीटर, वाचन, सगळ्याचा आदर आहे. पण हुशार माणसं मला आधीही भेटली होती. ज्याला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही, शेपूटसुद्धा हलवून दाखवता येत नाही, त्याला आत्ता काय त्रास होत असेल हे आधी मनात येणं, हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. असं माणूस भेटलं की आधीच्यांवरचा राग कमी होतो असं म्हणतात. माझा अजून झालेला नाही, खरं सांगते.

मीटर शनिवारी आणून देते. तो जुना दिवा अजून आमच्या कपाटात आहे. रागाने फोडणार होते, पण त्यात पारा असतो म्हणून हात आवरला. शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायला हवा असेल तर त्याच दिवशी घेऊन येईन, नाहीतर ई-कचऱ्यात देते.

तुमची,
ठोंब्याची आई